फाईल समीक्षाची, सही माझी

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, म्हणून देवघरातली सगळी भांडी काढून मी मोरीशी बसले होते. तांब्या, ताम्हन, पळी चिंच-मिठानं घासून झाली होती. समई, घंटी आणि गजानन महाराजांपुढचं निरांजन राहिलं होतं. हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले, तेवढ्यात मोबाईल वाजला. समीक्षा चहा करत होती. तिनंच फोन उचलून स्पीकरवर लावला आणि ओट्यावर ठेवला.

"ताई, मी सिंधू बोलून राहिली, अहिवाऱ्याहून. राहुलची आई."

राहुल म्हणजे आमच्या मोठ्या भाऊजींनी, मारोतरावांनी, आणलेलं स्थळ. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. फोटो, पत्रिका, मार्कशीट दोन्हीकडून गेली होती. पाहण्याचा कार्यक्रम तेवढा बाकी होता. मला वाटलं, तारीख सांगायला फोन केला असेल.

"राग नका मानू ताई, पण विचारल्याशिवाय राहवत नाई. मारोतरावांनी जे कागद धाडले ना, त्यात तुमच्या पोरीचा अर्ज हाय. कॉलेजले लिवलेला. लग्नाच्या गोष्टी निघाल्या का छातीत धडधडते, रातची झोप येत नाई, डोक्याच्या डॉक्टरची दवाई सुरू हाय, असं लिवलं तिनं. राहुलच्या आत्यानंबी वाचला. ताई, पोरीची मर्जी नसन तर तुमी जबरदस्ती तर नाई करून राहिल्या ना? आन् दवाई अजून सुरू हाय का, तेवढं सांगा."

बाई वाईट बोलत नव्हती. उलट आवाजात काळजीच होती. त्यानंच मला जास्त लागलं. माझ्या मुलीच्या मनातलं मला अहिवाऱ्याची बाई वाचून दाखवत होती, आणि मुलगी माझ्यापासून तीन हातांवर, चहाचं भांडं धरून उभी होती.

मी कसंबसं "मंग बोलते" म्हटलं. समीक्षानं फोन बंद केला, गॅसही बंद केला. चहा गाळला नाही.

"तो अर्ज मी प्रिन्सिपल सरांना दिला होता," ती म्हणाली. "सिर्फ उनको. घरी कोणाजवळ नव्हता. म्हणजे कॉलेजनं वाटला. उद्या जाऊन राहिली मी. किसने लिया, कब लिया, लिखित में लेके आऊँगी. आणि तो अर्ज अहिवाऱ्यातून परत पाहिजे मला."

त्या अर्जाची प्रत कॉलेजातून मीच आणली होती. हे तेव्हाच, तिथेच, चिंचेच्या हातांनी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. समई तशीच राहिली.

मी रोज वही लिहिते. ह्यांना भिलाईच्या स्टील प्लांटकडून दरवर्षी डायरी मिळते, तीच माझी वही. पोथीचा अध्याय झाला की चार ओळी लिहायच्या, हा लग्नानंतरचा नेम. पण या सहा दिवसांचं चार ओळींत मावणार नाही. समीक्षाबद्दल सगळं नीट लिहिते. माझ्या बाजूनं नाही लिहिणार.

समीक्षा इथेच, मरोद्याच्या प्लांट क्वार्टरमध्ये वाढली. घरी मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, आणि राग आला की दोन्ही एकदम. लहानपणी मुलं पाटीवर काढलेलं चित्र आईला दाखवायला धावत येतात. ही पाटी छातीशी धरायची आणि म्हणायची, पूर्ण झालं की दाखवीन. पूर्ण झालं की पुसून टाकायची. शाळेत पेपर लिहिताना डावा हात आडवा ठेवायची. बाई म्हणायच्या, "तुझी कॉपी कोणी नाही करत गं." ती म्हणायची, "तरी." कपाटातला एक खण तिनं दहावीत असतानाच मागून घेतला होता. चावी गळ्यात. त्यात काय होतं? एकदा तिनंच उघडून दाखवलं. शिंपले, दोन जुन्या राख्या आणि प्रॅक्टिकलची वही. मी हसले होते. ती म्हणाली, "हसायला काय झालं? माझं आहे ना."

बी.एस्सी.ला गेली, रसायनशास्त्र घेतलं. पहिल्या वर्षी चांगली गेली. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर, दुसऱ्या वर्षात, तिनं कॉलेजला जाणं बंद केलं. सकाळी तयार व्हायची, चप्पल घालायची आणि चप्पल घालूनच पलंगावर बसून राहायची. आम्ही दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, अशक्तपणा निघाला, गोळ्या आणल्या. मी शेगावचा अंगारा लावला, गुरुवार धरले. अडीच महिन्यांनी ती पुन्हा जायला लागली. मला वाटलं, गोळ्यांनी आणि महाराजांच्या कृपेनं झालं. ती मैत्रिणीसोबत दुसऱ्या डॉक्टरकडे जात होती, हे मला माहीत नव्हतं.

जुलैत समाजाची परिचय पुस्तिका निघणार होती. आमच्या समाजात लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींची माहिती त्यात छापतात आणि भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, पार भंडारा-गोंदियापर्यंत वाटतात. मार्कशीट आणि चारित्र्य प्रमाणपत्राची झेरॉक्स लागते. समीक्षा तेव्हा नागपूरला मामाकडे गेली होती. पुस्तिकेचं नाव काढलं असतं तर तिनं नाहीच म्हटलं असतं, म्हणून मी तिला न सांगता कॉलेजात गेले. खिडकीवर चंदनबाबू म्हणून क्लार्क आहेत. मी म्हटलं, समीक्षा ठवकरची आई. त्यांनी ना आधार पाहिलं, ना मुलीला फोन केला. फाईल काढली, झेरॉक्स मारल्या, तिन्ही कागदांना एक स्टेपल मारलं आणि म्हणाले, "माताजी, हाजिरी वाला आवेदन भी लगा दिया है, काम आएगा." रजिस्टरमध्ये सही घेतली. मी आनंदानं सही केली. काम पहिल्या फेरीत झालं म्हणून मी त्यांना आशीर्वादही दिला.

तिसरं पान मी घरी येऊन वाचलं. हिंदीतला अर्ज, समीक्षाचं तेच बारीक तिरपं अक्षर. हजेरी कमी का पडली ते तिनं सरांना लिहिलं होतं. सिंधुताईंनी फोनवर वाचलं ते सगळं त्यात होतं. आणि शेवटची ओळ, जी त्यांनी वाचली नाही: कृपया मेरे घर पर इसकी सूचना न दी जाए.

म्हणजे मला कळू नये म्हणून जो कागद लिहिला, तोच कॉलेजनं मला टाचून दिला. मी तो वाचला, आणि मुलगी नागपूरहून आल्यावर तिला जेवायला वाढलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर कुठून कळलं ते सांगावं लागलं असतं. मी रोज महाराजांपुढे तिच्यासाठी हात जोडायचे आणि रोज तिच्यापासून तोंड लपवायचे. चार महिने.

पुस्तिकेसाठी मोठ्या भाऊजींचा निरोप आला तेव्हा मी तो गठ्ठा जसाच्या तसा ह्यांच्या हाती पाठवला. तिसरं पान काढायचं राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण वहीत खोटं लिहायचं नाही. मला आठवण होती. मनात आलं, भाऊजी घरातले मोठे आहेत, वाचतील आणि काही मार्ग सांगतील. मला कुणाशी तरी बोलायचं होतं. बोलता येईना, म्हणून कागद देऊन टाकला.

गुरुवारी पूजा उरकून मी समीक्षाच्या मागे स्कूटीवर बसले. "तू कायले येऊन राहिली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, एकटी कशी जाशील. खरं कारण वेगळं होतं. रजिस्टर निघालं तर मी तिथे असावं, असं मला वाटत होतं. आणि निघू नये, असंही वाटत होतं.

खिडकीवर चंदनबाबू होते. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळख दिली नाही. रोज पन्नास आया पाहत असतील.

"मेरी फाइल से किसी को नकल दी गई है," समीक्षा म्हणाली. "किसको दी, मुझे देखना है. और फाइल में क्या-क्या है, वो भी."

"स्टूडेंट को फाइल नहीं दिखाते."

"मेरी है."

"कॉलेज की है. आपके नाम की है." त्यांनी मान वर केली नाही. "गार्जियन को लाइए."

"ये खड़ी हैं."

"तो माताजी अंदर आ जाएँ, बैठ के देख लें. बच्ची बाहर रुके."

मी पाहतच राहिले. ज्या पोरीचा कागद, तिनं बाहेर थांबायचं, आणि जिच्यापासून लपवला तिनं आत खुर्चीवर बसून पाहायचा! मला हसावं की रडावं कळेना. समीक्षाचे कान लाल झाले.

"बच्ची? मैं इक्कीस की हूँ. वोट डाल चुकी हूँ. अठारह के बाद मेरी इजाजत लगती है भैया, उसके लिए कानून बना है."

"कानून दिल्ली में बना है मैडम, खिड़की यहाँ है." मागे रांगेतली दोन मुलं हसली. चंदनबाबूंनाही आपलं बोलणं आवडलं. "आवेदन लिख दीजिए. प्रिंसिपल साहब मार्क करेंगे, तब रजिस्टर निकलेगा. शनिवार को आइए."

मी आत गेले नाही. तेवढं एक मी बरोबर केलं. पण त्याचंही श्रेय घेत नाही. आत गेले असते तर त्यांनी माझ्यासमोर रजिस्टरच उघडलं असतं.

तिनं भिंतीला कागद लावून अर्ज लिहिला. डावा हात आडवा. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे दुपारच्या शिफ्टहून आलेले, थकलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांगून टाक तिले." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. "सही कोणाची हाय?" ह्यांनी विचारलं आणि आंघोळीला गेले.

शुक्रवारी मी एकटीच मोठ्या भाऊजींकडे गेले. मारोतराव प्लांटच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. समाजातली लग्नं जुळवणं हा त्यांचा आता धर्मच आहे. घरी लोखंडी कपाट, त्यात प्रत्येक मुलामुलीचं वेगळं पाकीट, पाकिटावर नंबर. मोबाईलवर आलेला कागद ते कागद मानत नाहीत. वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मी डोक्यावर पदर घेतला.

"भाऊजी, समीक्षाच्या कागदात तिचा अर्ज होता."

"होता ना. तिसरं पान. वाचला मी. अक्षर चांगलं हाय पोरीचं."

"मंग तो अहिवाऱ्याले कायले धाडला?"

"टाचला होता बाई तुमी." ते माझ्याकडे असे पाहू लागले, जसं मीच काही वेडंवाकडं विचारलं. "टाचलेला कागद मी सोडवत नाई. बत्तीस वर्षं स्टोअरमध्ये काढले. व्हाउचरले जे टाचलं, ते व्हाउचरसंगं जाते. मधलं एक पान कोणी काढलं का उद्या इन्क्वायरी बसते. तुमी देल्ला तसा झेरॉक्स केला, तसाच टाचला, तसाच धाडला."

"हे काय व्हाउचर होय का भाऊजी? पोरीचं दुखणं होय."

"म्हणूनच धाडला. लपवून लगन लावाव का? उद्या म्हणतील, ठवकरानं फसवलं. आजपावेतो माझ्या एकाही लग्नात असं झालं नाई."

"कागद कोणाले धाडायचा, तिले तरी विचारायचं."

"तिले कायले विचारायचं? तुमी देल्ला म्हटल्यावर तिनंच देल्ला असन, असं नाई का होत?"

मी तिच्याजवळून घेतला नव्हता, हे त्यांना कसं माहीत असणार.

"शेवटची ओळ वाचली होती का?" मी विचारलं. "घरी सांगू नका म्हणून?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "वाचली. पण ते कॉलेजवाल्यासाठी असन असं वाटलं मले. आपल्यासाठी नाई."

मग ते उठले, कपाट उघडलं, आमच्या नंबरचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. तिन्ही पानं, स्टेपल तसंच. पुस्तिकेत अर्ज छापला नव्हता, फक्त मार्क आणि उंची. देवानं तेवढी लाज राखली. अहिवाऱ्याची एक प्रत तेवढी बाहेर होती.

शनिवारी चंदनबाबू रजेवर. दुसरे बाबू म्हणाले, रजिस्टरच्या कपाटाची चावी त्यांच्याजवळच असते. प्रिन्सिपल सरांनी अर्जावर लाल पेनानं काहीतरी लिहून ठेवलं होतं, पण तो अर्ज कोणत्या टेबलवर आहे ते कोणाला माहीत नव्हतं. समीक्षा तिन्ही टेबलांवर फिरली. प्रत्येकजण तिला विचारत होता, फाईलमध्ये असं काय आहे? आणि प्रत्येकाला तिला सांगावं लागत होतं की तेच तर सांगायचं नाही. चौथ्या वेळी तिचा आवाज फुटला. "देखना मेरा हक है, इतना काफी नहीं है क्या?" ज्या चोराला ती शोधत होती, तो तिची पाण्याची बाटली धरून मागे उभा होता.

तेव्हाही बोलले नाही. रविवारी पोथीचा अध्याय दोनदा वाचला. शब्द डोळ्यांपुढून गेले, आत एकही उतरला नाही.

सोमवारी चंदनबाबू वैतागलेलेच होते. सर त्यांना काही बोलले असावेत. समीक्षाला पाहताच त्यांनी कपाट उघडलं, नकल रजिस्टर खिडकीत आपटलं आणि पान उलटून बोट ठेवलं.

"लीजिए. कॉलेज को बदनाम कर रही हैं. हमने किसी बाहर वाले को नहीं दिया. देखिए, संबंध के खाने में क्या लिखा है."

त्या रकान्यात लिहिलं होतं, माँ. पुढे सौ. कलावती ठवकर, माझ्या ठळक मराठी अक्षरात, शेवटच्या 'र'खाली रेघ ओढलेली. तारीख जुलैची.

समीक्षानं ते एकदा वाचलं. ओरडली नाही. रजिस्टर बंद केलं आणि सरळ बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. मी मागे गेले.

"कब से?"

"जुलैपासून."

"चार महिने तू माझ्यासमोर बसून जेवून राहिली. आणि चार दिवसांपासून माझ्यासोबत चोर शोधून राहिली."

"सांगणार होती मी..."

"कधी?"

आणि मग माझाही बांध फुटला. पायऱ्यांवर मुलं जात-येत होती, तरी फुटला. "तू तरी कुठं सांगतलं? मी तुझ्यासाठी अंगारा लावून राहिली, गुरुवार करून राहिली, आन् तू प्रिन्सिपलले सांगते? त्या परक्या माणसाले? मी आई आहो ना तुझी!"

"हो. म्हणूनच नाही सांगितलं." ती शांतपणे बोलत होती, त्याचाच जास्त त्रास होत होता. "तुला सांगितलं की बाबांना कळतं. बाबांना कळलं की मोठेबाबांना. मोठेबाबांना कळलं की पाकिटात जातं. झालं ना तसंच? मुझे बस थोड़ा टाइम चाहिए था, आई. ठीक झाले की सांगणार होते."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"तुझी वही," ती म्हणाली. "रोज देवघराच्या फळीवर असते. ना कुलूप, ना चावी. बाबांनी कधी उघडली? मी उघडली? आमच्याबद्दल काय-काय लिहीत असशील त्यात. एक पान तरी कोणी वाचलं का?"

"नाई."

"कावून नाही वाचलं? कारण ती तुझी आहे."

ती उठली, डोळे पुसले आणि पुन्हा खिडकीकडे गेली. पर्समधून दुसरा लिहून आणलेला अर्ज काढला. त्यात होतं की इथून पुढे तिच्या फाईलमधला कोणताही कागद तिच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही, आई-वडिलांनाही, देऊ नये. 'आई-वडिलांनाही' हे तिनं रजिस्टर पाहण्याआधीच लिहून आणलं होतं. ते वाचून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

चंदनबाबूंनी अर्ज वरून खाली पाहिला. "गार्जियन के साइन नहीं हैं. इसके बिना नहीं लेंगे."

"भैया," मी पुढे झाले, "इसमें लिखा है कि मुझे कागज मत दो. उस पर मेरी ही सही?"

"हाँ माताजी. फॉर्मेट में खाना है ना."

"आन् मी सही नाही केली तर?"

"तो आवेदन अधूरा. फिर आपको नकल देने में हमें कोई दिक्कत नहीं."

समीक्षानं कपाळावर हात मारला. मी पेन मागितलं आणि सही केली. या वेळी रेघ ओढली नाही. आशीर्वादही दिला नाही.

चंदनबाबू तो अर्ज पेपरवेटखाली सरकवू लागले. "लग जाएगा फाइल में."

"आत्ता लावा," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण त्यांना समजलं. "जुलैत झेरॉक्स मारायला दोन मिनिटं लागली होती तुम्हाले. आता बी दोनच लागतील."

फाईल निघाली. तिचा जुना अर्ज वरच होता. समीक्षानं तो काढून मागितला. नाही म्हणाले, त्याच्यावरच हजेरी माफ झाली आहे, मूळ कागद कॉलेजातून जाऊ शकत नाही. मग तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून एक तपकिरी लिफाफा आणला, अर्ज त्यात घातला, तोंड चिकटवलं आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली. वर लिहिलं, छात्रा की उपस्थिति में ही खोलें. तो फाईलमध्ये गेला. नवा अर्ज सगळ्यात वर लागला. पोच म्हणून शिक्का मिळाला. एवढ्याच कामासाठी तीन फेऱ्या, आणि ज्यांनी पहिल्या दिवशी आत खुर्ची देऊ केली, त्यांनी शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही.

परत येताना पावर हाउस चौकाच्या सिग्नलवर स्कूटी थांबल्यावर मी मागून म्हटलं, "दवाई सुरू हाय का अजून?"

सिग्नल सुटला, ऑटोवाले हॉर्न वाजवू लागले.

"उन्हाळ्यात बंद झाली," ती म्हणाली. "डॉक्टरांनीच केली. आता ठीक आहे. पुढचं विचारू नको."

"नाई विचारत."

घरी आल्यावर मी भाऊजींकडचा गठ्ठा तिला दिला. तिनं खिळ्यानं स्टेपल उचकटलं, तिसरं पान वेगळं केलं, मार्कशीट मला परत दिली आणि ते पान आपल्या खणात ठेवून चावी फिरवली.

"अहिवाऱ्याचा?" तिनं विचारलं.

"फोन करून सांगते, फाडून टाका म्हणून."

"नाही. फाडला म्हणतील आणि कपाटात ठेवतील. हातात पाहिजे."

"तू चल ना संगं."

"मी नाही येणार. तू दिला, तू आण."

"त्याइले काय सांगू?"

"सांग, तो कागद तुमच्यासाठी नव्हता. एवढंच. माझ्या दवाईचं, झोपेचं, काहीच सांगू नको. चांगलं पण नको."

"आन् राहुलचं?"

"त्याच्याशी बोलायचं असेल तर मी बोलेन. मला वाटलं तर."

माझ्या तोंडावर आलं होतं की मुलगा बरा आहे, घर बरं आहे, बाईनं फोन केला तोही काळजीनंच केला. गिळून टाकलं. मोठ्या भाऊजींचा फोन आला, स्थळाचं काय करायचं म्हणून. मी त्यांना म्हटलं, समीक्षाले विचारा. ते म्हणाले, "असं कुठं असते का बाई?" आणि फोन ठेवला. हे जेवताना म्हणाले, दादा नाराज होतील. मी म्हटलं, होऊ द्या.

उद्या मंगळवार. सकाळची भाजी-पोळी करून ठेवायची, पावर हाउसहून अहिवाऱ्याची बस धरायची आणि सिंधुताईंच्या हातून समीक्षाच्या अर्जाची प्रत घेऊन यायची.